घरी भरलेल्या .३०८ काडतुसांत प्रेशरच्या खुणा दिसायल्यात, बोल्ट उचलायला जड जातोय

अहमदपूरकर_टेक्सास
रामराम मंडळी. मी मूळचा अहमदपूर तालुक्यातला, नऊ वर्षं झाली टेक्सासात आहे. इथं ओळखीच्या शेतमालकाच्या परवानगीनं त्याच्या रानात डुकरं मारायला जातो, आपल्याकडं भुईमुगात एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखं करतात ना तेच इथं मक्यात करतात, आणि नोव्हेंबरात लायसन काढून हरणाचा सीझन. रायफल .३०८, बोल्ट ॲक्शन म्हणजे दर वेळी हातानं बोल्टची मूठ उचलून मागं-पुढं ओढायची, नळी २२ इंची. तीन वर्षांपासून काडतुसं घरीच भरतो, इथं स्वतःपुरती भरायला बंदी नाही.

अडचण अशी की शनिवारी दुपारी २० राउंड घेऊन बसलो. ४१ डिग्री होतं, म्हणजे नांदेडचा मे महिनाच समजा. पहिले सहा-सात व्यवस्थित गेले आणि मग एका राउंडनंतर बोल्टची मूठ वर येईना, तळहातानं खालून ठोकून उचलली. केस म्हणजे काडतुसाचं रिकामं पितळी खोकं बाहेर काढलं तर टोपी (बुडातला प्राइमर, पिन आदळते तो) पार चपटी, कडेचा गोलावा गेलेला, आणि बुडावर जिथं अक्षरं कोरलेली असतात तिथं इजेक्टरच्या (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीच्या) भोकाएवढा चकचकीत गोल डाग. वाटलं एखादा असतो असा, पुढचा उडवला, तो ठीक. मग परत एक तसाच. असे २० पैकी ५.

दारू (बारूद) काडतूस भरायच्या पुस्तकातल्या कमाल आकड्यापेक्षा दीड ग्रेन (वजनाचं बारीक माप) कमी आहे. बुलेट १६५ ग्रेन. हाच लोड, म्हणजे दारू-बुलेटचं हेच प्रमाण, जानेवारीत बसवला तेव्हा एकही खूण नव्हती. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) जानेवारीत सरासरी सेकंदाला २६४० फूट, शनिवारी चांगले राउंड २६७० च्या आसपास आणि जड गेलेले पाच २७५० ते २७७०. पुस्तकात २४ इंची नळीला कमाल लोडचा वेग २७०० लिहिलाय. दारू एक ग्रेन कमी करून मोकळं व्हावं का? अजून ३० राउंड याच खेपेतले भरून ठेवलेत.

वर्कशॉप_नांदेड
टोपी चपटी झाली म्हणजे प्रेशर जास्त, सरळ हिशोब आहे. एक ग्रेन कमी करा, विषय संपला.

हवालदार_कंधार
विषय संपत नाही भाऊ, तिथून सुरू होतो.

पहिली गोष्ट अहमदपूरकर, तुम्ही चुकलात ते पहिला जड गेला तिथं थांबला नाहीत यात. बोल्ट ठोकून उचलावा लागला की त्या दिवशी त्या खेपेतला एकही राउंड पुन्हा चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) घालायचा नाही. मी २२ वर्षं आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्तीचं काम केलंय, एसएलआर हाताळली, इन्सास हाताळली, ईशापूरच्या ७.६२ च्या बोल्ट रायफली पण हाताखालून गेल्यात. डोळ्याला इजा झालेला जवान पाहिलाय म्हणून रागानं लिहितोय, वाईट वाटून घेऊ नका. ते ३० राउंड आजच वेगळ्या डब्यात टाका आणि वर लिहून ठेवा की उडवायचे नाहीत.

आता टोपीचं. टोपी एकटी काही सांगत नाही. एका कंपनीच्या टोपीचा पत्रा मऊ असतो तर दुसरीचा कडक, मऊ टोपी बऱ्या लोडला पण चपटी दिसते. आणि हेडस्पेस जास्त असेल म्हणजे केस चेंबरमध्ये पुढं-मागं हलायला जागा असेल तर फायरिंग पिन बसल्याबरोबर टोपी मागं सरकून थोडी बाहेर येते, मग प्रेशर चढलं की केसचं बूड मागं येऊन तिला परत दाबून बसवतं, तिथंपण ती चपटीच दिसते, प्रेशर नेहमीचं असलं तरी. पिनच्या खड्ड्याभोवती कडा वर आलेली दिसली तर ते पण तसंच, बोल्टचं भोक पिनपेक्षा मोठं असलं की कमी प्रेशरला सुद्धा तसं होतं.

पण तुमच्याकडं टोपी एकटी नाही. बोल्ट जड, बुडावर इजेक्टरचा डाग, आणि वेग १०० फुटानं जास्त, या तिन्ही गोष्टी त्याच पाच राउंडांना. पितळ भोकात वाहून डाग उमटतो म्हणजे बूड सोसायच्या पलीकडं गेलंय. हे प्रेशरच आहे, शंका नको. फक्त ते कशानं चढलं हे आधी काढा, दारू नंतर कमी करा.

परभणी_रेंज
काकांशी सहमत. दादा, मी .२२ ची शूटर आहे, आम्ही काडतूस भरत नाही, तयार लॉट घेतो, पण नोंदवही ठेवायची सवय आम्हाला पहिल्या दिवसापासून लावतात म्हणून तुमची पोस्ट वाचताना एकच गोष्ट डोळ्यात भरली. २० पैकी ५ च का? एकच दारू, एकच दिवस, एकच नळी. गरमीनं झालं असतं तर सगळेच वर गेले असते. आणि गरमीनं ते गेलेच की, २६४० चे २६७०, ते ३० फूट उन्हाचे. पण वरचे ८०-१०० फूट फक्त पाचांनाच का मिळाले? त्या पाच केसमध्ये बाकीच्यांपेक्षा काय वेगळं आहे ते आधी बघा. राउंडला नंबर टाकले होते का?

अहमदपूरकर_टेक्सास
नंबर नव्हते टाकले ताई. पण पाच केस वेगळ्या ठेवल्यात.

हवालदार काका, बरोबर बोललात, थांबायला पाहिजे होतं. ३० राउंड वेगळे केले, डब्यावर लाल पेननं लिहिलं.

सराफ_गल्ली_लातूर
दारूच्या वजनाबद्दल कोणीच बोलेना म्हणून बोलतो. बंदुकीतलं मला ओ का ठो कळत नाही, पण ग्रेन हे आमच्या घरातलं माप आहे. जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन, बरोबर १८०. तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एक गुंज झाली पावणेदोन ग्रेनच्या थोडी वर. माझ्या वडिलांनी तराजू काचेच्या पेटीत ठेवला तो उगाच नाही. पंखा चालू असेल, एसीचा झोत येत असेल, मोबाईल शेजारी ठेवला असेल तर आताचे इलेक्ट्रॉनिक काटे हळूहळू सरकतात आणि तुम्हाला कळत नाही कारण आकडा स्थिरच दिसतो. आम्ही दर पंधरा-वीस वजनांनंतर माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासतो. तुम्ही तपासता का? आणि तुमच्या पुस्तकात सुरुवातीच्या आकड्यापासून कमालपर्यंत अंतर किती असतं?

अहमदपूरकर_टेक्सास
शेठ, अंतर साधारण चार ग्रेन असतं या काडतुसाला. म्हणजे तुमच्या दोन गुंजा, त्यातच सगळा खेळ.

काटा सुरुवातीला एकदाच तपासला होता, मधे नाही. आणि तुम्ही म्हणताय तसा एसीचा झोत टेबलावर येतो हे आत्ता वर बघितल्यावर कळलं.

हवालदार_कंधार
शेठनी लाखाचं सांगितलं. ३० राउंडांमधले दहा पुलरनं उघडा, हातोडीसारखं असतं ते, आपटलं की बुलेट आणि दारू त्यात पडते. एकेकाची दारू वेगवेगळी तोला, काटा दर वेळी तपासून, एसी बंद करून. आणि निघालेली दारू परत मोठ्या डब्यात ओतू नका, ती त्याच जातीची आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण अशी ओतायची सवय लागली की एक दिवस दोन जातींची मिसळ होते आणि मग ती कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

दुसरं, पाचही केसच्या बुडावरचे शिक्के बघा. एकाच कंपनीचे आहेत का? मिलिटरीचं पितळ जाड असतं, आत जागा कमी, तेवढीच दारू कमी जागेत जळली की प्रेशर वर.

तिसरं सगळ्यात सोपं. उडवलेली केस घ्या, सायझिंग (डाय म्हणजे साच्यात दाबून मापाला आणणं) न करता, आणि तोंडात नवी बुलेट बोटानं सोडा. आपोआप आत पडली पाहिजे. चांगल्या पंधरांपैकी पण करून बघा.

बीडचा_भैया
काका एक मधेच विचारतो. आमच्याकडं आजोबांपासूनची .३१५ आहे, ईशापूरची, लायसन वडिलांच्या नावावर, आता माझ्या नावावर करून घेतलंय. काडतुसं खडकीचीच तयार वापरतो, घरी काही भरत नाही. पण गेल्या पावसाळ्यात निवडणुकीआधी जमा करायच्या अगोदर दोन राउंड तपासून बघितले तर दोन्ही वेळा बोल्ट जड. खोके बाहेर आले ते बुडाजवळ थोडे चमकलेले. तयार काडतुसात पण प्रेशर वाढतं का? आणि घरी भरायचं सामान आणलं तर आपल्याकडं चालेल का, काडतुसं मिळायची फार मारामार आहे हो.

हवालदार_कंधार
भैया, दुसरं आधी सांगतो. नाही चालणार. आर्म्स ॲक्ट १९५९ मध्ये काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, तुमचं लायसन बंदूक बाळगायचं आहे, दारूगोळा बनवायचं नाही. अहमदपूरकर करतात ते त्यांच्या तिथल्या कायद्यात. आणि शिकारीचं पण इथंच लिहून ठेवतो कारण हा धागा पोरं वाचतात: आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणं शिकारीला बंदी आहे. रोही असो की डुक्कर, पिकाचं कितीही नुकसान केलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

आता पहिलं. राउंड उडवायच्या आधी नळी आणि चेंबर पुसलं होतं का? तेल किती घालता?

बीडचा_भैया
तेल भरपूर. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून आजोबा चेंबरमध्ये तेलाचा बोळाच ठेवायचे, मी पण तसंच करतो. उडवायच्या आधी नळीतनं एक फडकं फिरवलं होतं, चेंबर काही वेगळं पुसलं नाही.

हवालदार_कंधार
तिथंच आहे बहुतेक. काडतूस उडलं की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं, मागं जाणारा जोर बराचसा ती भिंत पेलते. भिंतीला तेल असलं की पकड बसत नाही, खोके सगळा जोर घेऊन बोल्टच्या तोंडावर आदळतं. काडतुसात प्रेशर तेवढंच, पण बोल्टवर भार जास्त. पावसाचं पाणी चेंबरमध्ये गेलं तरी हेच. आणि तुमच्या .३१५ चा बोल्ट ली-एनफिल्डच्या घराण्यातला, त्याचे लग (बोल्टला अडवून धरणारे दात) मागच्या बाजूला असतात, अहमदपूरकरांच्या रायफलीला पुढं असतात. मागं लग असले की भाराखाली बोल्टचा पूर्ण दांडा जराजरा दबतो, म्हणून केस ताणली जाते.

अजून एक जुन्या रायफलीवाल्यांनी ध्यानात धरा. या ज्या खुणा आपण बोलतोय, चपटी टोपी, डाग, जड बोल्ट, या पितळ कुठं हार मानतं ते सांगतात. तुमची रायफल कुठं हार मानते ते नाही सांगत. .३०८ ची कमाल मर्यादा अमेरिकेतल्या सामी संस्थेनं ६२,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) ठरवलीय, .३०-३० ची ४२,००० आणि .४५-७० सारख्या जुन्या काडतुसाची तर फक्त २८,०००. पण पितळ तिन्हींचं सारखंच. म्हणजे जुन्या कमी ताकदीच्या बंदुकीत खूण दिसेपर्यंत वाट बघितली तर खूण दिसायच्या आत बंदूक मर्यादेच्या कितीतरी पुढं गेलेली असते. खूण नाही म्हणजे सुरक्षित, असं अजिबात समजू नका.

चेंबर कोरडं पुसा, पण उडवून बघायच्या आधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून हेडस्पेस तपासून घ्या. तीन पिढ्यांची रायफल आहे.

वर्कशॉप_नांदेड
काका तुमच्या पोस्टी वाचून माझं पहिलं उत्तर मागं घेतो. माझं लेथचं काम आहे, बंदुकीचं नाही, घाई केली. पण एक विचारतो, त्या केसची लांबी कोणी मोजली का? पितळ प्रत्येक वेळी ताणलं जातं म्हणताय तर वाढत पण असणार.

अहमदपूरकर_टेक्सास
मंडळी, रविवारची पूर्ण दुपार यात घातली, सगळं सविस्तर लिहितो.

आधी वजन. दहा राउंड उघडले, एसी बंद, दर दोन वजनांनंतर काटा तपासला. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात भारी यात ०.३ ग्रेनचा फरक. सराफ शेठ, काटा सरकत होता हे खरंच निघालं, शेवटी भरलेले राउंड आधीच्यांपेक्षा भारी आहेत. पण ०.३ नं १०० फूट वाढत नाही, आणि कमालपासून मी दीड ग्रेन खाली आहे.

मग शिक्के. वीसच्या वीस एकाच कंपनीचे. मिलिटरी नाही.

मग बुलेट सोडून बघितली. चांगल्या केसमध्ये बुलेट टप्पकन आत पडली, आवाज येतो बारीक. पंधरांपैकी चौदांमध्ये पडली. जड गेलेल्या पाचांपैकी एकातही नाही पडली. तोंडावरच अडकून बसली, वरून दाबली तरी आत जाईना. भिंगातून बघितलं तर तोंडाची कडा आतल्या बाजूला वळलेली, कोणीतरी पकडीनं चिमटल्यासारखी.

वर्कशॉपवाले दादा, मग कॅलिपर घेतलं. .३०८ च्या केसची कमाल लांबी २.०१५ इंच. चांगल्या केस २.००८ ते २.०१२. अडकलेल्या पाच २.०२१ ते २.०२७. आणि तो पंधरांतला एक होता तो २.०१७.

आता आठवलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्याकडं याच कंपनीच्या दोन पिशव्या होत्या, एक यंदा दुसऱ्यांदा भरलेली आणि एक पाचव्यांदा. मार्चमध्ये घर बदललं तेव्हा दोन्ही एका बरणीत ओतल्या. जुनीवाली ट्रिम करायची (तोंड कापून मापात आणायची) राहिली होती. आणि बोल्ट बंद करताना पण काही राउंडांना अंगठ्याला जरासं जास्त लागत होतं, शेवटच्या पाव इंचात, शनिवारी ते जाणवलं होतं आणि मी धूळ असेल म्हणून सोडून दिलं.

वर्कशॉप_नांदेड
१२ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जास्त! आमच्याकडं बेअरिंगच्या घरात दोन थाऊ जास्त झाले तर जॉब भंगारात जातो.

परभणी_रेंज
दादा तो २.०१७ वाला राउंड कुठल्या वेगानं गेला ते नंबर टाकले असते तर कळलं असतं. या वेळी प्रत्येक केसला मार्करनं नंबर टाका, प्लीज. आणि पिशव्या मिसळू नका, कितीव्यांदा भरलंय ते पिशवीवरच लिहा.

हवालदार_कंधार
सापडलं. आता हे कसं होतं ते नीट समजून घ्या म्हणजे परत होणार नाही.

चेंबरमध्ये केसच्या गळ्यासाठी जागा ठरलेली असते, त्याच्या पुढं नळी अरुंद होत जाते. केस लांब झाली की तोंड त्या अरुंद जागेत घुसतं आणि बुलेटला चहूबाजूंनी आवळतं. दारू पेटली की गळ्यानं फुगून बुलेट सोडायला पाहिजे, पण त्याला फुगायला जागाच नाही. बाटलीचं बूच हातानं दाबून धरल्यासारखं होतं आणि तेवढ्या क्षणात प्रेशर चढतं. म्हणून दारू बरोबर, वजन बरोबर, कंपनी बरोबर, तरी बोल्ट जड. एक ग्रेन दारू कमी केली असती तर खूण कदाचित गेली असती आणि लांब केस तुमच्या बरणीत तशीच राहिली असती, पुढच्या वेळी अजून लांब होऊन.

आता खरं दुखणं. आता लगेच ट्रिमर घेऊन बसू नका. केस लांब झाली तर ते पितळ आलं कुठून? हवेतनं नाही आलं. मागून आलं, बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते आणि ते पितळ पुढं सरकतं. तुम्ही तोंडाकडनं कापून टाकाल, पण मागं भिंत पातळ झालेली तशीच राहील, आणि एक दिवस केस तिथनं गोल तुटून अर्धी चेंबरमध्ये राहील.

बारीक तार घ्या, यू-पिन सरळ करून चालेल, तिचं टोक अर्धा मिलिमीटर आत वाकवून घासून टोकदार करा. केसच्या आत घालून बुडापर्यंत न्या आणि भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढा. बुडाच्या वर साधारण अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरवर टोक खड्ड्यात पडल्यासारखं अडकलं तर ती केस संपली. डोळ्यानं नाही दिसत ते बोटाला कळतं. बाहेरून तिथं कधी कधी पांढुरकी रेघ दिसते, पण त्या रेघेची वाट बघू नका.

आणि सायझिंगची डाय कशी बसवलीय? पार खाली टेकवून वर अजून पाव फेरा?

अहमदपूरकर_टेक्सास
हो काका, डायच्या कागदावर तसंच लिहिलं होतं, टेकवा आणि पाव फेरा.

हवालदार_कंधार
तो कागद कुठल्याही रायफलीत बसेल अशा केससाठी लिहिलाय. तुमच्या एका रायफलीसाठी नाही. त्यानं केसचा खांदा (गळ्याखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागं ढकलला जातो, मग उडताना तेवढी मोकळी जागा भरायला केस ताणली जाते, पुन्हा डाय ढकलते, पुन्हा ताण. पाच वेळा केलं की हे असं. उडवलेल्या केसच्या खांद्याचं माप घ्या, त्यासाठी कॅलिपरला लावायचा छोटा कंपॅरेटर मिळतो, आणि डाय अशी बसवा की खांदा फक्त एक-दोन थाऊ मागं जाईल. बोल्ट सहज बंद झाला की बास.

अहमदपूरकर_टेक्सास
काका, तार केली. ऑफिसातल्या यू-पिनचीच.

पाचव्यांदावाल्या पिशवीतल्या सगळ्या ४८ केस तपासल्या. सात केसमध्ये तार अडकली. पहिल्यांदा अडकली तेव्हा वाटलं माझ्या हाताचा भास, मग ती केस हॅकसॉनं उभी चिरली. आतल्या बाजूला गोल खाच होती, नखानं पण लागते, भिंत तिथं कागदासारखी पातळ. त्यातल्या दोन केस शनिवारी चांगल्या गेलेल्यांपैकी होत्या, एकही खूण नसलेल्या.

४८ च्या ४८ पकडीनं चेपून भंगारात टाकल्या. ३० भरलेल्यांतले उरलेले २० पण उघडले. चिरलेली केस टेबलावर ठेवलीय. दुसऱ्यांदावाल्या सगळ्या मोजून घेतल्या, लांब एकही नाही, नंबर टाकले. डाय पाव फेरा वर घेऊन मग थोडी-थोडी करत बसवत आणली, आता खांदा दीड थाऊ मागं जातो. लोड परत खालच्या आकड्यापासून सुरू करणार, आणि या वेळी दुपारच्या उन्हातच बसवणार, जानेवारीत बसवून ऑगस्टात वापरायचं नाही. राउंड गाडीत ठेवायचे पण बंद, सावलीत थर्मासच्या पेटीत.

सराफ_गल्ली_लातूर
काट्याची पेटी करा आधी. काच नसली तर पुठ्ठ्याची चालेल, तिन्ही बाजूंनी बंद.

बीडचा_भैया
काका, दुरुस्तीवाल्याकडं रायफल नेऊन आलो. हेडस्पेस त्यांनी गेज घालून बघितला, ठीक आहे म्हणाले. पण चेंबरमध्ये त्यांनी पेट्रोलचा बोळा फिरवला तर काळा-तपकिरी चिकट थर निघाला, तेल वाळून राळेसारखं झालेलं, आजोबांच्या वेळचं पण असेल त्यात. मी घरी आणून परत पुसतोय, कापसाचा आठवा बोळा झाला, अजून पिवळा येतोय.

हवालदार_कंधार
पांढरा येईपर्यंत पुसा. मग ठेवायच्या वेळी बोटाला लागेल न लागेल एवढंच तेल, आणि उडवायच्या आधी परत कोरडं.